शनिवारी ट्रॅक्टर छपराखाली

२६ एप्रिल १९५४, सोमवार

आला एकदाचा तो ट्रॅक्टर. ट्रॅक्टर कसला, चाकांवर चढवलेला बंब! पुढे हे भलंमोठं लोखंडी पोट आणि त्यात गॅस. प्रोपेन म्हणतात त्याला. माझा पोरगा आर्लो त्याच्याभोवती असा फिरत होता की जणू घरात नवी नवरी आलीय. मी आधी घोड्यांमागे चाललो, मग पेट्रोलच्या ट्रॅक्टरवर उभी हयात काढली, आणि आता उतारवयात हे गॅसचं खूळ. घोडा निदान हाक मारली की मान तरी वळवतो.

ही वही कुणाला दाखवायची नाही. माझी बायको यूस्टिना होती तोवर दिवसभराचं तिच्याकडे बडबडून मोकळा व्हायचो. शरद ऋतूत ती गेली. आता बडबडायचं कुणाकडे? भिंतीशी बोललो तर आर्लो मला आजच गावात नेऊन टाकेल.

त्याने जेवताना विषय काढलाच. गावात चर्चजवळ ते छोटं पांढरं घर रिकामं आहे. "पापा, या वयात कशाला हा व्याप? तिथे तुमच्या बरोबरीची माणसं आहेत." बरोबरीची माणसं! दिवसभर ओसरीवर बसून एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. मी काटा ताटात आपटला आणि म्हटलं, मी इथून हलणार नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं: गव्हाची कापणी होईपर्यंत बघायचं. हा गॅसचा ट्रॅक्टर मला जमला, काही घोटाळा झाला नाही, तर मी मरेपर्यंत शेतावर. घोटाळा झाला की गाव.

सूनबाई, एर्ना, यावर चकार शब्द बोलली नाही. ती बोलतच नाही फारशी. नुसती बघते.

२८ एप्रिल

गॅसवाला अल्विन बुलर येऊन शिकवून गेला. पोरगा नम्र आहे, पण बोलतो फार. अंगणातली मोठी टाकी म्हणजे आमचा साठा, तिथून जाड नळीने ट्रॅक्टरच्या टाकीत गॅस घ्यायचा. हातमोजे घातल्याशिवाय नळीला हात लावायचा नाही, कारण हा गॅस इतका गार की कातडी भाजते. गार असून भाजते म्हणे! टाकी दहातले आठ भागच भरायची. मी म्हटलं, "आमच्या घरात बरणीसुद्धा कुणी अर्धवट भरत नाही." तर म्हणाला, "उन्हात तो फुगतो, गेरहार्डकाका. त्याला जागा लागते." बाजूला एक बारीक तोटी आहे. भरताना ती उघडी ठेवायची. तिच्यातून पांढरं धुकं फुसफुसलं की समजायचं आठ भाग झाले.

सुरू करताना आधी गॅसच्या वाफेवर, इंजिन तापलं की मग पातळ गॅसवर. आणि बंद करताना चावी फिरवायची नाही! टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि नळीतला उरलासुरला गॅस इंजिनला पिऊ द्यायचा. ते आपोआप मरतं, मग चावी. एवढे लाड मी पोराचेही केले नाहीत.

शेवटी म्हणाला, "आणि काका, हा ट्रॅक्टर कायम उघड्यावर. शेडमध्ये नाही. गळालाच तर गॅस वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर साचतो. पण घाबरू नका, गळला की वास येतोच. मुद्दाम घातलेला असतो, कुजलेल्या लसणासारखा. हे बघा." त्याने तोटी सोडली. आर्लो दोन पावलं मागे सरला. एर्ना लांब कपडे वाळत घालत होती, तिनेही ॲप्रन तोंडाला लावला.

"आला ना वास, काका?"

"आला, आला," मी म्हटलं. खरं तर काही आला नाही. असेल थोडासा. पण नाही म्हणालो असतो तर आर्लोने लगेच म्हाताऱ्याच्या नावावर एक रेघ ओढली असती. आजकालची माणसं नाजूक झालीत, दुसरं काय.

३ मे

यूस्टिनाने लावलेलं लायलॅक यंदा जांभळं लखलखीत बहरलं. झुडपात तोंड खुपसून उभा राहिलो. पण यंदा फुलांत दम नाही. नुसता रंग.

घरातही तीच तऱ्हा. एर्ना कॉफी करते की भांडी विसळलेलं पाणी, देव जाणे. आज कोबीचं सूप केलं होतं, यूस्टिनाच्याच हातचं शिकलेलं. दोनदा मीठ घातलं, तरी गरम पाणी प्यायल्यासारखं. मी म्हटलं, "बडीशेप महाग झाली का गं?" ती म्हणाली, "मूठभर घातलीय, पापा." आणि माझ्याकडे बघत राहिली.

फेब्रुवारीत तो ताप येऊन गेला तेव्हापासून अशक्तपणा आहे, त्यामुळेही असेल. पण कधी कधी वाटतं, दोष एर्नाचा नाही. यूस्टिना गेली ती जाताना सगळ्याची चव घेऊन गेली. आता माझा जीवच कशात राहिला नाही. हे इथे लिहितो, आर्लोच्या कानावर जायला नको.

११ मे

ट्रॅक्टर वाईट नाही. हे वहीत लिहायला हरकत नाही. दिवसभर मक्याच्या रानात फिरवला, एकदाही खोकला नाही. तेल काढून पाहिलं तर मधासारखं स्वच्छ. पेट्रोलच्या ट्रॅक्टरचं तेल एव्हाना डांबर झालं असतं. टाकी मीच भरतो. धुकं फुसफुसलं की लगेच तोटी बंद. आर्लो लांबून पाहतो आणि काही न बोलता निघून जातो. म्हणजे जमलंय.

१८ मे

आज एर्नाने हद्द केली. मी ओसरीवर बसलो होतो, मोरित्झ कुत्रा शेतातून आला आणि माझ्या पायाशी लोळला. मी त्याला थोपटतोय तोच एर्ना दारात आली आणि किंचाळलीच. "पापा! त्याला स्कंकने फवारलंय! आख्ख्या अंगणात घाण सुटलीय!" आणि नाक दाबून आत पळाली. आर्लो बादली घेऊन आला, त्याचेही डोळे पाण्याने भरलेले. कुत्र्याला टोमॅटोच्या रसाने धुतलं, वर माझे कपडेही काढायला लावले. मी म्हटलं, एवढं काय झालं? स्कंक म्हणजे मांजराएवढं जनावर, लांबून जरासा फवारा मारला असेल. आम्ही लहानपणी दहा स्कंक पकडायचो, कुणी एवढा कांगावा केला नाही.

आर्लो हसला. एर्ना हसली नाही. ती उंबऱ्यात उभी राहून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होती. या बाईच्या मनात काय चालतं, कळत नाही.

२९ मे, शनिवार

आता कळलं काय चालतं. ती माझ्यावर पाळत ठेवते.

गेले दहा दिवस पाहतोय. मी टाकी भरायला गेलो की बाईसाहेब हजर. कधी कोंबड्यांना दाणे टाकायला, कधी वाऱ्याने उडालेला रुमाल शोधायला. सकाळी मी उठायच्या आधी ट्रॅक्टरभोवती एक चक्कर, संध्याकाळी आणखी एक. काल तर चाकाजवळ वाकून जमिनीशी तोंड नेलं होतं. काय हरवलं म्हणून विचारलं तर म्हणे, "काही नाही पापा, हेअरपिन." रोज रोज हेअरपिन? चूक सापडली की नवऱ्याच्या कानात सांगायची, मग मी गावात आणि हे घर तिचं. वर स्वयंपाकघरातल्या काड्यापेट्या कुठे लपवून ठेवते कोण जाणे. माझा पाइप पेटवायला मी दुकानातून स्वतःची पेटी आणली आणि खिशातच ठेवली.

आणखी एक सल आहे. आमच्या माणसांत शनिवारी संध्याकाळी सगळी यंत्रं धुऊन पुसून छपराखाली जातात. माझ्या आजोबांनी रशियातून येताना बाकी काही आणलं नसेल, ही रीत आणली. रविवारी कुणी फाटकातून आत आलं तर अंगणात कामाची खूण दिसता कामा नये. आणि आमचा ट्रॅक्टर दर रविवारी उघड्यावर उभा, मोकाट बैलासारखा. चर्चला जाणाऱ्या गाड्या रस्त्यावरून हळू होतात. मला मान वर करायला लाज वाटते.

१२ जून, शनिवार

गहू पिकला. दाणा दाताखाली कटकन फुटतो. मंगळवारी नाहीतर बुधवारी कापणी सुरू. उद्या दुपारच्या फास्पाला, रविवारच्या पाव-कॉफीच्या फराळाला, यूस्टिनाचा भाऊ ओटो येतोय, बायकोसह. हा ओटो जन्मभर माझ्या शेतात खोट काढत आला.

आर्लो आणि एर्ना कंबाइनचा, म्हणजे कापणीच्या यंत्राचा, पट्टा आणायला आणि पुढे तिच्या आईकडे गेलेत, उशिरा येतील. मी ट्रॅक्टर धुतला, पितळ चमकवलं. मग मनात म्हटलं, दीड महिना झाला, एक थेंब गळला नाही. गळला असता तर तो सुप्रसिद्ध वास आला नसता का? नेला सरळ शेडमध्ये आणि दोन्ही दारं लावून घेतली. इंजिन चावी फिरवूनच बंद केलं. ते आपोआप मरायची वाट बघत बसायला वेळ कुठे होता, प्रार्थनेआधी अंघोळ करायची होती.

आता कसं बरं वाटतंय. अंगण स्वच्छ.

१३ जून, रविवार

आजचं लिहायला नको वाटतं. तरी लिहिलं पाहिजे.

सकाळी घाईघाईत चर्चला गेलो. परत आलो तोवर ओटो आणि त्याची बायको दारातच. एर्ना तशीच फास्पाच्या तयारीला लागली. पाव, चीज, प्लमचा जॅम, कॉफी. ओटो म्हणाला, "काय गेरहार्ड, तुझा तो फुगा कुठाय? म्हणतात एक दिवस तू त्याच्यासकट उडून जाणार!" मी म्हटलं, चल दाखवतो. त्याचा गुडघा दुखतो म्हणून तो मागून लंगडत येत होता, त्याची बायको आणि आर्लो त्याच्या बरोबर. मी पुढे जाऊन दार ढकललं. आत काळोख. शेडमध्ये वीज नाही, खिळ्याला कंदील असतो. कंदील काढला, काच वर केली, खिशातली पेटी काढली, काडी घेतली.

मागून किंकाळी आली, मी वळलो. एर्ना. अंगात रविवारचे कपडे, हातात कॉफीची किटली तशीच. किटली फेकली आणि दोन्ही हातांनी माझी मूठ काडीसकट घट्ट आवळली. बाईच्या हातात इतकं बळ असतं हे मला माहीत नव्हतं. ओढत ओढत मला पार गव्हाच्या बांधापर्यंत नेलं. आर्लोवर ओरडली, "पुढे येऊ नकोस! कुणी येऊ नका!"

मी संतापलो. पाहुण्यांसमोर म्हाताऱ्या सासऱ्याला असं फरफटवायचं? "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडलो. ती धापा टाकत होती, बोलता येईना. मी ओटोकडे पाहिलं. त्याने रुमाल नाकाला लावला होता. त्याच्या बायकोनेही. आर्लोने बाहीत तोंड लपवलं होतं. सगळे वाऱ्याच्या उलट्या बाजूला सरकून उभे.

"गेरहार्ड," ओटो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, "तुला येत नाहीये?"

"काय येत नाहीये?"

मी नाकाने जोरात हवा ओढली. पुन्हा ओढली. काही नाही. गव्हाचा नाही, धुळीचा नाही, कशाचाच नाही. एवढा रस्त्यापर्यंत सुटलेला लसूण, आणि माझ्यासाठी नुसती हवा. तेव्हा मला कळलं. कुत्रा आठवला, लायलॅक आठवलं, आणि मी बांधावर खालीच बसलो.

आर्लोने लांब काठीने दारं उघडून टाकली. दोन तास कुणी जवळ गेलं नाही. मग अल्विन आला, व्हॉल्व्ह बंद केला. इंजिनकडे गॅस सोडणाऱ्या भागातला एक रबरी पडदा चिरला होता. व्हॉल्व्ह उघडा राहिल्याने रात्रभर गॅस गळून जमिनीवर साचला होता. "काडी ओढली असती तर, काका..." तो म्हणाला.

ओटो गेल्यावर आर्लो म्हणाला, "उद्याच गावातल्या घराचं बोलून येतो." मी मान खाली घातली.

बोलली एर्ना. "त्यांना वास येत नाही हे मला कुत्र्याच्या दिवशीच कळलं."

"तुला माहीत होतं?" आर्लो उठून उभा राहिला. "आणि माझ्यापासून लपवलंस?"

"हो, लपवलं! म्हणून तर रोज सकाळ-संध्याकाळ हुंगत फिरत होते. काड्यापेट्या लपवल्या. काल एकच दिवस घरी नव्हते, आणि आज सकाळी चर्चच्या घाईत चक्कर राहिली. आज कॉफी ओतताना खिडकीतून पाहिलं तर ट्रॅक्टर जागेवर नाही." तिचा आवाज फाटला. "मी चुकले, आर्लो. सांगायला हवं होतं, निदान त्यांना तरी. पण तुला सांगितलं असतं तर तू त्यांना त्या घरात नेऊन ठेवलं असतंस, आणि वर्षभरात ते संपले असते. आणि मम्मा गेल्यापासून या घरात माझ्याशी भांडायला दुसरं आहे कोण? तू तर बोलतच नाहीस!"

आर्लो दूध काढायला निघून गेला. गायींना दूध द्यायला बराच वेळ लागला आज.

मी तिच्याबद्दल मागच्या पानांवर काय काय लिहिलंय! पानं फाडावीशी वाटली. नाही फाडली. राहू देत, माझी मला लाज वाटत राहील.

१४ जून

एर्ना मला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने डोळे मिटायला लावून नाकाखाली एकेक बाटली धरली. मी प्रत्येकीला "पाणी" म्हणालो. तो म्हणाला, फेब्रुवारीतल्या फ्लूने नाक गेलंय, आणि जिभेची चवही निम्मीशिम्मी नाकाचीच असते. परत येईल का? येईलही, नाहीही.

"बाकी?" मी विचारलं.

"बाकी तुम्ही ठणठणीत आहात."

गाडीत बसलो आणि मला हसू फुटलं. थांबेचना. एर्ना घाबरली, "पापा, काय झालं?" मी म्हटलं, "अगं, मला वाटत होतं माझा जीवच गेलाय. नुसतं नाकच गेलंय!" इतके महिने एकटाच समजत होतो की यूस्टिनामागे मीही संपत चाललोय, आणि कारण काय, तर एक फ्लू! छातीवरून पोतं उतरल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मग तीही हसली, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून हसली. "म्हणजे माझी कॉफी चांगली असते ना?" "मला काय माहीत!" मी म्हटलं. "पण इतके दिवस शिव्या दिल्या त्या परत घेतो."

१५ जून

नाश्त्याला आर्लोने तोंड उघडलं. पाव कापता कापता, माझ्याकडे न बघता.

"ट्रॅक्टर उघड्यावर राहील. शनिवार असो, रविवार असो, नाहीतर साक्षात प्रभू येणार असो."

"राहील," मी म्हटलं.

"बंद करताना आधी व्हॉल्व्ह. पाइप बंद. खिशात काड्या नकोत. आणि टाकी भरताना, सुरू करताना एर्ना शेजारी पाहिजे. ती हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही."

"आणि ओटो काय म्हणेल अंगण बघून?"

"ओटोमामाला मी बघतो." मग त्याने सुरी खाली ठेवली. "काल रात्री मला झोप आली नाही, पापा. सारखी ती काडी दिसत होती."

"मलाही," मी म्हटलं. त्याने पावाचा मोठा तुकडा माझ्या ताटात ठेवला. गावातल्या घराबद्दल हो किंवा नाही, काहीच बोलला नाही. खिशातली पेटी मी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली, पाइपही. पाइपची तशीही चव लागत नव्हती.

१९ जून, शनिवार

चार दिवस कापणी जोरात. मी ट्रॅक्टरवर, आर्लो मागे कंबाइनवर. पहाटे एर्ना येते, ट्रॅक्टरभोवती फिरते, खाली वाकते, मग हात वर करून म्हणते, "साफ आहे, पापा!" आणि मी वाफेवर सुरू करतो. आता मला तिच्या चकरांचा राग येत नाही. ती आली नाही तर चुकल्यासारखं होतं. संध्याकाळी व्हॉल्व्ह बंद करून इंजिनशेजारी उभा राहतो आणि ते आपोआप थांबायची वाट बघतो. त्यात एक प्रकारची शांतता आहे.

पश्चिमेकडे ढग काळे होते, गारा पडतील असं वाटत होतं. वळले दुसरीकडे.

२६ जून, शनिवार

संपलं! शेवटचा पट्टा आज दुपारी कापला. एक दाणा मागे राहिला नाही, आणि घोटाळा एकही नाही. निदान त्या रविवारनंतर नाही.

आर्लो कंबाइनवरून उतरला, टोपीने तोंड पुसलं आणि म्हणाला, "अरे हो, ते गावातलं घर. परवा घरमालकाला सांगून टाकलं, नव्या शाळामास्तरला दे म्हणून." जणू कंबाइनचा पट्टा बदलल्याची बातमी देतोय. मी म्हटलं, "बरं केलंस. मास्तरला शाळा जवळ पडेल." तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी ट्रॅक्टरच्या चाकाला धरून थोडा वेळ उभा राहिलो.

मग टाकी भरायला घेतली. एर्ना शेजारी होती. धुकं फुसफुसलं, तोटी बंद केली, हातमोजे काढले. ती वाकून सगळीकडे फिरली. "साफ आहे, पापा."

"एर्ना," मी म्हटलं, "आत्ता कसला वास येतोय?"

"गॅसचा अजिबात नाही, सांगितलं ना."

"गॅसचा नाही विचारत. शेताचा."

ती कापलेल्या रानाकडे तोंड करून उभी राहिली. डोळे मिटले. घाई केली नाही. "उन्हात तापलेल्या काडाचा," ती म्हणाली. "वरच्या बाजूला कोरडा, धुळीचा. खाली थोडा ओला, मातीचा. आणि मध्येच पावाची कड भाजल्यासारखा."

मला दिसलं ते. जवळजवळ आलाच नाकाशी. "आणखी?" मी म्हटलं.

"आणखी तुमच्या सदऱ्याचा. चार दिवस झाले त्याला, पापा. धुवायला द्या."

मी तिथेच भर अंगणात, रस्त्यावरून गाड्या जात असताना, सदरा काढून तिच्या हातात दिला.